काचेचं तळं आणि उदाजीचा दगड

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण समित्या पोचल्या होत्या, ढाणेराव नावाचा वाघ राज्य करत होता.

समिती म्हणजे काय, असं मधेच विचारू नका. मोठे झालात की तुम्हालाही कुठल्या तरी समितीवर घेतील, मग कळेल.

तर ढाणेराव. राजा तसा मनाने वाईट नव्हता. पण त्याला दुपारची झोप यायची नाही. जेवण झालं की तो उगाच हिंडायचा. हिंडलं की पुन्हा भूक लागायची. आता वाघाला भूक लागली की पुढे काय होतं, ते मी तुम्हाला जेवणाआधी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या जंगलात दुपार झाली की हरणं उभ्या जागी थरथरायची आणि ससे बिळात श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

एकदा काय झालं, जंगलाच्या टोकाला माणसांचा एक बंगला होता, तो ओस पडला. माणसं गेली आणि मागे काचेची एक भलीमोठी पेटी ठेवून गेली. हत्तींनी ती उचलली आणि राजाच्या जांभळीखाली आणून ठेवली. तिच्यात वाळू पसरली, चार पाणवेली रोवल्या, ओढ्याचं पाणी भरलं आणि ओढ्यातलेच छोटे छोटे मासे सोडले. झालं काचेचं तळं!

त्या माशांत एक होती लाल शेपटीची. तिचं नाव पडलं शेंदरी.

राजाने पहिल्याच दिवशी काचेला नाक लावलं. बाकीचे मासे वेलींमागे पळाले. शेंदरी मात्र पुढे आली आणि त्या एवढ्या मोठ्या नाकासमोर तोंडाची उघडझाप करत थांबली.

ढाणेरावाकडे आजवर इतक्या जवळून कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण पाहणारं मग उरलं नव्हतं. राजाला कसंसंच झालं. तो तिथेच बसला. शेंदरी इकडून तिकडे, तिकडून इकडे. राजाचे डोळे तिच्यामागे. आणि बघता बघता, अहो आश्चर्य, महाराज घोरायला लागले!

त्या दिवसापासून जंगलाला दुपार मिळाली. हरणं बसून रवंथ करू लागली. सशांनी बिळाबाहेर येऊन पाय पसरले. सगळ्यांचा जीव त्या एका मासळीवर येऊन टांगला होता.

मग प्रश्न आला, या तळ्याची राखण कोण करणार?

पाण्यातलं कळणारा गडी त्या जंगलात एकच. उदाजी. जातीने ऊद, म्हणजे तुम्ही ज्याला पाणमांजर म्हणता तो. आणि ऊद काय खातो? बरोबर. मासे.

"दुधाच्या राखणीला बोका!" रानडुक्कर सुळोजी म्हणाला, आणि सगळी सभा हसली.

पण राजाला दुसरं कुणी सुचेना. तो म्हणाला, "उदाजी, माझ्या डोहात तुझ्या बायकापोरांना घेऊन राहा. तिथे मगर येणार नाही. पण एक जरी मासा कमी झाला, तर त्याच दिवशी डोह सोडायचा."

"आणि महाराज, एखादा आपल्या मरणाने मेला तर?"

"ते मी तुझ्या पोटाकडे बघून ठरवीन."

उदाजी घरी आला. त्याची बायको पाणबाई नदीच्या काठावर पिलांना पोटाखाली घेऊन बसली होती. समोर पाण्यात एक ओंडका होता. ओंडक्याला डोळे होते. त्या उन्हाळ्यात त्या ओंडक्याने त्यांचं एक पिल्लू नेलं होतं.

"अहो, मासे सोडा," पाणबाई म्हणाली. "खेकडे खाऊ. चला डोहात."

आणि उदाजीने खरंच मासे सोडले. पहिले काही दिवस शेंदरी समोरून गेली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग तो तोंड फिरवून खेकडा चावायचा. पुढे पुढे तर ती त्याच्या हातातून गांडूळ खाऊ लागली, आणि मग मात्र त्याला तिच्याकडे खाण्याच्या नजरेने बघवेना.

आता उदाजी काम काय करायचा, तर फारसं काहीच नाही. खरं सांगायचं तर गडी आळशी होता. रोज सकाळी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याने एक भोपळा जुनं पाणी काढायचं, एक भोपळा ओढ्याचं ताजं पाणी घालायचं. झालं काम. उरलेला दिवस बसायचं. पण ओल्या वाळूत बसून बसून त्याच्या बुडाला खाज सुटायची. म्हणून त्याने टेकडीवरून एक पांढरा चुनखडीचा दगड ढकलत आणला आणि तळ्यात ठेवला. अर्धा पाण्यात, अर्धा वर. वर उदाजी.

मुलांनो, इथे जरा कान द्या. त्या जंगलाच्या ओढ्याचं पाणी हलकं होतं. तुमच्या गावच्या विहिरीचं असतं ना, ज्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. हे त्याच्या उलट. पालापाचोळ्यातून आलेलं, गोडं, मऊ. अशा पाण्याला स्वतःचं मत नसतं. कुणी जरा आंबट घातलं की ते आंबट होतं, जरा चुना घातला की चुन्याच्या बाजूला जातं. मासे खातात, घाण करतात, पानं कुजतात, तसं तळ्यातलं पाणी आपोआप आंबट होत जातं. पण चुनखडीचा दगड काय करतो? कणाकणाने विरघळतो. आंबटपणा आला की त्याला खाऊन टाकतो. पाणी जरा जड होतं, आणि जड झालेलं पाणी सहजासहजी इकडेतिकडे होत नाही.

हे उदाजीला ठाऊक होतं का? छे! त्याला फक्त बसायला हवं होतं.

काचेवर पांढरी रेघ धरली. मासे गुटगुटीत झाले. राजा घोरत राहिला. असं सगळं बरं चाललं होतं, आणि म्हणूनच कुणाला चैन पडेना.

थंडी सुरू झाली, तसे परदेशातून चक्रवाकशास्त्री आले. ते दर हिवाळ्यात यायचे, जंगलाला सल्ला द्यायचे आणि सल्ल्याचं फळ दिसायच्या आत उडून जायचे. अंगावर केशरी पिसं, आवाज भारदस्त. काचेच्या तळ्याभोवती त्यांनी एक चक्कर मारली आणि विचारलं,

"सामू किती?"

कुणालाच कळेना. राजाने उदाजीकडे पाहिलं. उदाजी म्हणाला, "शास्त्रीबुवा, मासे आहेत, वेली आहेत. सामू नावाचं आम्ही काही सोडलेलं नाही."

शास्त्री दुःखाने हसले. त्यांनी जास्वंदीच्या वाळलेल्या पाकळ्या मागवल्या. म्हणाले, "पाणी आंबट असेल तर पाकळी लाल पडते, चुन्याचं असेल तर हिरवी. त्यावरून जो आकडा निघतो, तो सामू. उत्तम पाण्याचा सामू सात. ना आंबट, ना चुन्याचं. सात!"

पाकळी पाण्यात बुडवली. किंचित हिरवट झाली. शास्त्रींनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पावणेआठ."

सभेत हाय हाय झालं. दोन हरणांना घेरी आली.

"पण मासे बरे आहेत," उदाजी म्हणाला.

"बरं म्हणजे काय, हे माशांना काय कळतं?" शास्त्री म्हणाले. मग त्यांची नजर दगडावर गेली. "हा कोणी ठेवला?"

"मी. बसायला."

"या दगडामुळेच आकडा बिघडलाय. काढा बाहेर! आणि काचेवरची ती पांढरी रेघ घासून टाका. राजाचं तळं आहे की धोबीघाट?"

शास्त्रींचं अगदीच खोटं नव्हतं हं. आकडा दगडामुळेच होता. पण दगडामुळे आणखी काय काय होतं, ते आकड्यात दिसत नव्हतं.

दगड निघाला. तो टेकडीखाली टाकून दिला. मग शास्त्रींनी दोन खाती काढून दिली. एक आंबट खातं, ते मर्कोजी नावाच्या माकडाकडे. त्याने चिंचेचं पाणी घालायचं. दुसरं चुना खातं, ते सुळोजीकडे. त्याने चुन्याची निवळी घालायची. रोज दोन वेळा पाकळी बुडवायची आणि कावळ्याने जांभळीवर बसून आकडा ओरडायचा. एवढी व्यवस्था लावून शास्त्री उत्तरेला एका मोठ्या सरोवराला सल्ला द्यायला गेले.

पहिल्या दिवशी कावळा ओरडला, "सात!" जंगलात जल्लोष झाला. राजाने शेपटी उंच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळी लाल झाली. "सहा! सहा!" सुळोजी घडा घेऊन धावला आणि त्याने निवळी ओतली. पाणवेली दिवसा आपलं काम करतात, उन्हात पाण्याचा आंबटपणा पिऊन टाकतात. त्यात हा चुना. संध्याकाळी पाकळी हिरवीगार. "साडेआठ!" आता मर्कोजी धावला. त्याने चिंचवणी ओतलं. सकाळी पुन्हा लाल. पुन्हा सुळोजी.

दोन्ही खाती वाढली. मर्कोजीने भाचे लावले, सुळोजीने मेहुणे लावले. दोघं एकमेकांना भर सभेत शिव्या घालायचे आणि सभा संपली की शेजारी बसून चिंचा खायचे. कारण त्याने जास्त ओतल्याशिवाय याला काम नव्हतं, आणि याने जास्त ओतल्याशिवाय त्याला. राजाला वाटायचं, वा, केवढी धावपळ चाललीय माझ्या माशांसाठी!

आणि मासे? सकाळी लिंबाच्या सरबतात आणि संध्याकाळी पानवाल्याच्या चुन्याच्या डब्यात तुम्हाला ठेवलं तर तुमचं काय होईल, तेच त्यांचं झालं. कल्ले मिटलेले, पंख अंगाला चिकटलेले. सगळे एका कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होते. शेंदरी काचेपाशी यायची बंद झाली. राजाने नाक लावलं, तरी ती तळाशीच पडून राहिली.

राजाला झोप येईना. दुपारी तो उठला आणि हिंडू लागला. सगळं जंगल पुन्हा बिळात गेलं.

आणि एका सकाळी एक छोटा मासा उलटा तरंगताना सापडला.

राजाने उदाजीला बोलावलं. आधी त्याच्या पोटाकडे बघितलं.

"महाराज," उदाजी रडवेला होऊन म्हणाला, "मी खाल्ला असता तर तो तरंगला असता का हो?"

"नंतर खायला ठेवला असेल," मर्कोजी म्हणाला.

"उद्या डोह सोड," राजा म्हणाला. आवाजात राग नव्हता, राजा नुसता थकला होता. "आणि शेंदरी गेली, तर मग डोह सोडूनही भागणार नाही."

उदाजी घरी गेला आणि बिळाच्या भिंतीकडे तोंड करून बसला. पिलं डोहात उलटसुलट बुड्या मारत होती. मगर म्हणजे काय, हे धाकट्यांना ठाऊकच नव्हतं. उदाजीला हुंदका आवरेना.

"रडून काय होणार?" पाणबाई म्हणाली, पण तिचाही आवाज नीट नव्हता. "मला एक सांगा. मासे बरे होते, तेव्हा तळ्यात काय होतं?"

"तेच. पाणी, वेली, वाळू. आणि माझा दगड."

"आणि दुखणं कधी आलं?"

उदाजीने डोळे पुसले. तो उठला आणि सरळ टेकडीकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही खाती जेवायला गेलेली. त्या जंगलात जेवणाची सुट्टी न्याहारी झाल्याबरोबर सुरू व्हायची. उदाजी दगड ढकलत ढकलत आला, धापा टाकत त्याने तो जुन्या जागी ठेवला. पाणबाई मागोमाग खेकड्यांची पुरचुंडी घेऊन आली. म्हटलं डोह सोडायचाच आहे, तर निदान नवऱ्याला उपाशी कशाला ठेवा.

तेवढ्यात मर्कोजीने फांदीवरून पाहिलं आणि बोंब ठोकली. "आज्ञाभंग! शास्त्रीबुवांनी काढलेला दगड परत आणला! धावा!"

सगळे जमले. राजा आला. डोळे लाल, तीन रात्रींचा जागा.

उदाजीने हात जोडले. "महाराज, खरं सांगतो. हा दगड पाण्याला धरून ठेवतो. कसा ते मला माहीत नाही. पण हा होता तोवर मासे बरे होते. तुम्ही चिंच थांबवा, चुना थांबवा. मी रोज भोपळाभर पाणी बदलीन. बाकी काही करायला नको."

यावर जो हशा पिकला, तो थांबेना.

"काही करायला नको म्हणे!" सुळोजी पोट धरून म्हणाला. "आम्ही दोन वेळा घडे ओततो, आमच्याने होईना, आणि हा दगड नुसता बसून करणार!"

"दगडाला कामावर ठेवायचं का महाराज?" मर्कोजी म्हणाला. "पगार काय द्यायचा? वाळू?"

राजाने लाल डोळे चोळले. तो म्हणाला, "सुळोजी, काढ तो दगड."

सुळोजी पुढे झाला. आता बघा हं. पाणबाई तिथे उभी होती. तिच्या पायाशी पाकळ्यांची टोपली होती, आणि टोपलीत एक अख्खं, ताजं, लालभडक जास्वंदीचं फूल होतं. तिने ते उचललं. दगडाच्या वरच्या कोरड्या टोकावर ठेवलं. डोळे मिटले आणि दोन्ही पंजे जोडले.

सुळोजी होता तिथे थांबला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणतात. या दगडाला ते एका फुलात आलं.

"कोण... कोण आहेत हे?" सुळोजीने हळूच विचारलं.

"सामोबा," पाणबाई डोळे न उघडता म्हणाली. "या पाण्याचे मालक. आधीपासून इथेच होते. तुम्ही उचलून टेकडीखाली टाकलंत. मग कोपणार नाहीत तर काय?"

मर्कोजी फांदीवरून भराभर खाली उतरला आणि सगळ्यांच्या आधी पाया पडला. म्हणाला, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

राजाने कान पाडले. एवढा मोठा वाघ, पण आवाज अगदी पिलासारखा झाला. "बाई, शेंदरी वाचेल का गं?"

पाणबाईने एक डोळा उघडून नवऱ्याकडे पाहिलं. बायकोने धाडस केल्यावर उदाजीने मागे राहून कसं चालेल? तो म्हणाला, "महाराज, सामोबाला आंबट चालत नाही. चुना चालत नाही. रोज सकाळी ओढ्याच्या एक भोपळा पाण्याचा अभिषेक. तेवढंच तीर्थ बाहेर काढायचं. आणि त्यांना जागेवरून हलवायचं नाही. एवढं कडक सोवळं पाळलं तर..."

"पाळू," राजा म्हणाला. "पण हा अभिषेक कोण करणार?"

सगळ्यांनी सोवळ्याचा हिशेब करून पाहिला. रोज पहाटे उठायचं, थंड पाण्यात उतरायचं, म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. उदाजीच.

त्या दिवशी पहिला अभिषेक झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा. काही एका रात्रीत झालं नाही. आणखी एक मासा गेला, आणि उदाजी त्या दिवशी दिवसभर जेवला नाही. पण हळूहळू पाणी ठिकाणावर आलं. एकेका माशाने पंख उघडले. आणि एका दुपारी राजा काचेला नाक लावून, लावून, कंटाळून मागे सरकणार, तेवढ्यात वेलीमागून एक लाल शेपटी हलली. शेंदरी आली. डगमगत आली, पण आली आणि नाकासमोर तोंडाची उघडझाप करत थांबली.

राजाच्या मिशीवरून पाणी ओघळलं. ते तळ्यातलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. मग तो घोरू लागला, आणि जंगलभर हरणं खाली बसली.

खाती मात्र बंद झाली नाहीत. खाती कधी बंद होतात का, वेडे कुठले! मर्कोजी आता चिंचेचा प्रसाद वाटतो. सुळोजी प्रसादानंतरच्या विड्याला चुना लावतो. दोघांचे भाचे आणि मेहुणे मिळून आरती म्हणतात. कावळा आकडा ओरडण्याऐवजी सामोबाच्या नावाने चांगभलं म्हणतो.

पुढच्या थंडीत चक्रवाकशास्त्री परत आले. त्यांनी पाकळी बुडवली. किंचित हिरवट. पावणेआठ. त्यांनी चोच उघडली. मग आजूबाजूला पाहिलं. समोर वाघ बसला होता, भोवती अख्खं जंगल हात जोडून उभं होतं.

शास्त्रींनी चोच मिटली. केशरी पंख जोडले आणि म्हणाले, "सामोबाचा पावणेआठ म्हणजेच आपला सात. हे मी गेल्याच वर्षी सुचवलं होतं."

उदाजीची पिलं डोहात मोठी झाली. त्यांना मगर अजून ओंडकाच वाटते. उदाजीचं तसं सगळं छान आहे, फक्त एक अडचण झाली. त्याच्या बसण्याच्या दगडाचा देव झाला. आता देवावर कसं बसणार? बिचारा दिवसभर उभा असतो.

परवा तर पाणबाईने त्याला पाहिलं. आसपास कुणी नव्हतं. राजा झोपलेला, आरती संपलेली. तरी हा एकटाच दगडासमोर पंजे जोडून उभा होता, आणि खरोखर डोळे मिटलेले होते.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हालासुद्धा?"

"पोरं वाचली ना गं," उदाजी म्हणाला. "कुणाला तरी हात जोडायला नकोत?"

तात्पर्य : पाणी ठिकाणावर ठेवायला एक दगड पुरतो. पण तो दगड ठिकाणावर ठेवायला त्याच्यावर एक फूल लागतं. तेव्हा मुलांनो, कधी खरं सापडलंच तर ते सभेत समजावून सांगत बसू नका. त्याची पूजा बांधा, आणि आधी आपल्या बसण्याची दुसरीकडे सोय बघून ठेवा.